फोनवरची कामे, फाइलीतली कामे : आमच्या नगरसेविकेच्या पाच वर्षांचे परीक्षण

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या दाराच्या कडीला गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका अडकवलेली होती. मुखपृष्ठावर आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेचा हसरा फोटो, खाली 'पाच वर्षांचा कार्यअहवाल' अशी अक्षरे, आणि आत पानोपानी भूमिपूजने, लोकार्पणे, नारळ, फिती आणि कामांची लांबलचक यादी. अशा पुस्तिका रद्दीत जातात. मी मात्र ती कपाटात ठेवली, कारण यादीतल्या काही कामांना मी शेजारी या नात्याने साक्षी होतो आणि काहींबद्दल मला शंका होती. पुढे जे झाले त्याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्यातल्या मोठ्या महापालिकांच्या मुदती संपल्या, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे राज्यघटना सांगत असूनही कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि अखेर जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांसाठी मतदान झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे आमच्या प्रभागाला नगरसेवकच नव्हता. नगरसेविका खुर्चीवर नसताना तिच्या कामांतले काय टिकते आणि काय विरघळते हे पाहण्याची अशी संधी एरवी मिळत नाही. हे परीक्षण मी त्याच आधारावर लिहीत आहे. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रभागात लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणतो.

नगरसेवकाच्या कामाचे मोजमाप करायचे तर त्याच्या हातात मुळात काय असते हे आधी पाहायला हवे, आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. मुंबई सोडता राज्यातल्या महापालिका ज्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतात, त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक कनिष्ठ अभियंत्याला आदेश देऊ शकत नाही, ठेकेदाराचे बिल मंजूर करू शकत नाही, सफाईच्या मुकादमाची बदलीसुद्धा करू शकत नाही. कायद्याने त्याच्या वाट्याला येते ते सर्वसाधारण सभेतले आसन आणि मत, प्रश्न विचारण्याची मुभा, प्रभाग समितीतली जागा आणि पक्षाने संधी दिलीच तर १६ सदस्यांच्या स्थायी समितीतला थोडा काळ. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते स्थायी समितीतून सर्वसाधारण सभेकडे जाते, आणि या वाटेवर कोणत्या प्रभागातल्या कोणत्या कामापुढे किती रक्कम लिहिली जाते, यात नगरसेवकाचे खरे कसब लागते. याखेरीज आपण त्याच्याकडून जे जे करवून घेतो ते ओळखीच्या आणि दबावाच्या जोरावर, म्हणजे शेवटी फोनवर होते. त्यामुळे पुस्तिकेतल्या कामांची मी पेन्सिलीने दोन भागांत विभागणी केली आहे : फोनवर झालेली आणि फाइलीत झालेली.

फोनवरच्या कामात ताईंना दहापैकी नऊ गुण देताना मला जराही विचार करावा लागत नाही. त्यांचे संपर्क कार्यालय एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत होते. भिंतीला लागून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर हिशेबाची असते तशी लांबट वही आणि तिच्यात आखलेले रकाने : तारीख, नाव, मोबाइल क्रमांक, तक्रार. शेवटच्या रकान्यात काम झाल्यावर लाल शाईने 'झाले' असे लिहिले जाई. सकाळी नऊ ते अकरा या वेळात ताई स्वतः तिथे बसत. एकदा आमच्या सोसायटीच्या दारातला ड्रेनेजचा चेंबर तुंबला आणि मैलापाणी जिन्यापर्यंत आले, तेव्हा मी तक्रार लिहून घराकडे निघालो होतो. त्यांनी मला थांबवले, "काका, चेंबर आतला की रस्त्यावरचा, ते आधी सांगा, नाहीतर माणसं येऊन परत जातील," असे म्हणून झाकणाचा आकारसुद्धा विचारून घेतला आणि माझ्यासमोरच फोन लावला. दुपारी जेटिंगची गाडी आली. सोसायटीच्या आवारातला चेंबर सोसायटीने साफ करायचा असतो आणि रस्त्यावरचा महापालिकेने, हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. तो त्यांना ठाऊक होता, इतकेच नव्हे तर सोसायटीनिहाय ठाऊक होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०११ मध्ये अमलात आणला, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी नगरसेविका सभेत आणि कारभार पतिराज पाहतात असे चित्र तयार झाले. आमच्याकडेही सुरुवातीला लोक कार्यालयात येऊन "साहेब कुठे आहेत?" असे विचारत. ताईंचे उत्तर ठरलेले असे : "मत साहेबांना दिलं होतं का तुम्ही? मग मला सांगा." त्यांचे पती त्या खोलीत कधी दिसले तर चहा घेऊन परत जाताना दिसत. पुस्तिकेत ही गोष्ट कुठेही छापलेली नाही, पण माझ्या लेखी ती पहिल्या पानावर यायला हवी होती.

आता नववरून दहावर न जाण्याचे कारण. आमच्या सोसायटीच्या मागे नाल्याला लागून एक वस्ती आहे. तिथला चेंबर आमच्यापेक्षा अधिक वेळा तुंबतो, कारण वरच्या सगळ्या इमारतींचा मैला तिकडूनच पुढे जातो. तिथले बहुतेक लोक सकाळी सातलाच कामावर जातात. नऊ ते अकरा ही वेळ त्यांच्या उपयोगाची नव्हती, आणि वहीत त्यांच्या नोंदी क्वचित दिसत. माझा फोन दुपारपर्यंत फळाला येत असे आणि त्यांची तक्रार आठवडाभर पडून राहत असे, याचा ताईंना दोष देणे सोपे आहे. पण त्या दुपारी जेटिंगची गाडी आमच्या दारात उभी असताना ती नक्की कोणाच्या दारातून वळवून आणली आहे, हे मीही कधी विचारले नाही. फोनवरच्या कामाने गाड्या वाढत नाहीत, रांगेतला क्रम तेवढा बदलतो.

२०२२ च्या मार्चनंतर तो क्रम पुन्हा बदलला. तोच चेंबर त्या पावसाळ्यात पुन्हा तुंबला. ताईंनी सवयीने फोन केला, अभियंत्यांनी सवयीनेच "बघतो ताई" म्हटले, आणि मैलापाणी नऊ दिवस वाहत राहिले. पद गेलेल्या माणसाच्या फोनला नम्र उत्तर मिळते, गाडी मिळत नाही. त्या नऊ दिवसांत मी महापालिकेच्या ॲपवर तक्रार नोंदवायला शिकलो. एकदा काम न होताच तक्रार 'निकाली' दाखवली गेली. ती पुन्हा उघडली, झाकणाचा फोटो जोडला, आणि दहाव्या दिवशी माणसे आली. मागच्या वस्तीतल्या मुलांना ही पद्धत आमच्या आधीपासून येत होती, कारण त्यांना दुसरा मार्ग कधी नव्हताच.

फाइलीतल्या कामांची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि त्यातले एक काम सविस्तर सांगण्याजोगे आहे.

आमच्या रस्त्याच्या उताराच्या टोकाला काही बैठी घरे आहेत. त्यांच्यातल्या शेवटच्या घराला, मी इथे राहायला आलो तेव्हा, तीन पायऱ्या चढून जावे लागे. दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडत गेला आणि प्रत्येक थराबरोबर रस्ता चढत गेला. २०१७ पर्यंत त्या घराची एकच पायरी उरली होती, आणि जोराचा पाऊस आला की पाणी उंबऱ्यावरून आत जाई. घरातल्या आजी जूनमध्येच गहू-तांदळाचे डबे पलंगावर चढवून ठेवत. नवा रस्ता म्हणून आम्ही वरच्या इमारतींतले लोक प्रत्येक वेळी खूष होत होतो. जुना थर मशीनने खरवडून काढून मगच नवा टाकायचा असतो, म्हणजे रस्त्याची पातळी तीच राहते, हे आम्हाला माहीतच नव्हते. मशीन आणायचे, खरवडलेला माल वाहून न्यायचा, यात वेळ आणि खर्च दोन्ही जातात. त्यामुळे ते टाळले जाते आणि वरून काळाभोर रस्ता छान दिसतो.

ताईंनी हा विषय प्रभाग समितीत मांडला. प्रभाग समिती हा तसा दुर्लक्षित मंच आहे. तिथे प्रभागांचे नगरसेवक असतात, क्षेत्रीय अधिकारी असतो, सामाजिक संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना नामनिर्देशित करता येते, आणि छोट्या खर्चाची कामे तिथेच मार्गी लागू शकतात. पण वर्तमानपत्रांचे बातमीदार तिकडे फिरकत नाहीत, म्हणून अनेक नगरसेवकही फिरकत नाहीत. ताईंनी तिथे लेखी विचारले की या रस्त्यावर गेल्या दहा वर्षांत किती थर दिले, त्यांपैकी किती वेळा आधी खरवडण्याचे काम केले, आणि पावसाळी गटाराची पातळी आज रस्त्याच्या तुलनेत काय आहे. उत्तर यायला तीन बैठका गेल्या. आले तेव्हा त्यात खरवडण्याचा उल्लेख एकदाही नव्हता. त्या उत्तराच्या बळावर त्यांनी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या रस्त्यासाठी तरतूद करून घेतली, आणि त्यातही केवळ 'डांबरीकरण' असे न लिहिता जुने थर काढणे, घरांच्या जोत्याच्या खाली पातळी ठेवणे आणि पावसाळी गटार नाल्यापर्यंत नव्या उताराने नेणे अशी तपशीलवार मांडणी करायला लावली. ही शब्दरचना महत्त्वाची होती. डांबरीकरण एवढेच लिहिले असते तर ठेकेदाराने चौथा थर टाकून दिला असता आणि कागदोपत्री त्याचे काही चुकले नसते.

पहिल्या वर्षी ती रक्कम वर्गीकरणात गेली. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी मंजूर झालेला निधी दुसऱ्या कामाकडे वळवणे. महापालिकेच्या भाषेतला हा सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आणि सर्वांत जास्त कामे गिळणारा शब्द असावा. ताईंनी सभेत विरोध नोंदवला, त्यांच्याच पक्षाची सत्ता असल्याने तो नोंदीपुरताच राहिला, आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी नव्याने तरतूद करून घेतली. मग करोना आला. काम प्रत्यक्षात २०२१ च्या मे महिन्यात झाले. पाच आठवडे रस्ता बंद होता, गाड्या लांब लावाव्या लागत होत्या, धूळ घरात येत होती, आणि आमच्या सोसायटीतल्या अनेकांनी ताईंना जे बोल लावले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मीही त्यांत होतो.

या कामाच्या निमित्ताने मी आयुष्यात पहिल्यांदा मोजमाप पुस्तिका पाहिली. राज्य शासनाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांना दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना कागदपत्रे पाहू द्यावीत असे सांगितले आहे, आणि माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुटसुटीत आहे. मोजमाप पुस्तिकेत झालेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली हाताने लिहिलेली असते आणि ठेकेदाराचे बिल त्याच आकड्यांवरून निघते. मी रस्त्यावर येऊन पावसाळी गटाराचे चेंबर मोजले. पुस्तिकेत १२ होते, रस्त्यावर ११ भरले. घबाड सापडल्याच्या आनंदात मी ताईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे पत्र दिले, अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस टेप घेऊन आले, नकाशावरचे अंतर मोजून एका जागी डांबर उकरले, आणि खाली बारावा चेंबर झाकणासकट मिळाला. घाईत त्याच्यावर डांबर टाकले गेले होते. चोरी नव्हती, हलगर्जी होती. पण तो चेंबर तसाच राहिला असता तर गाळ काढायला कोणालाही उघडता आला नसता आणि गटार दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडले असते. ताई तेव्हा मला एवढेच म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी मोजायला लवकर या, डांबर गरम असताना."

२०२२ ते २०२५ असे चार पावसाळे त्या शेवटच्या घरात पाणी गेलेले नाही. या काळात नगरसेवक नव्हता, ताईंचा फोन चालत नव्हता, आणि तरीही पाणी उताराने नाल्याकडेच गेले. आजींच्या घराला आता पुन्हा दोन पायऱ्या आहेत, तिसरी बहुधा जुन्या थरांत कायमची गाडली गेली. कार्यअहवालात हे काम ३१ व्या पानावर एका ओळीत आहे, फोटोशिवाय. भूमिपूजनाचा कार्यक्रमच झाला नव्हता, कारण करोनाच्या निर्बंधांमुळे तो घेता येत नव्हता.

पाण्याच्या वेळापत्रकाचे कामही याच जातीचे. वरच्या गल्लीला पाणी कमी दाबाने येते ही तक्रार जुनी होती, आणि तिच्यावरचा जुना उपाय व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याची मनधरणी करणे हा होता. लोखंडी टी-आकाराची लांब चावी घेऊन पहाटे सायकलवरून येणारा तो माणूस चावीचे किती फेरे देतो, यावर दोनशे घरांची आंघोळ अवलंबून असे. ताईंनी टँकर पाठवण्याऐवजी पाणीपुरवठा विभागाकडून व्हॉल्व्ह उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा लेखी घेतल्या आणि तीन ठिकाणी फलकावर रंगवून लावल्या. त्यामुळे पाणी एक थेंबही वाढले नाही. भांडण मात्र कर्मचाऱ्याशी न होता वेळापत्रकाशी होऊ लागले, आणि काही महिन्यांनी विभागाने स्वतःच वरच्या गल्लीची वेळ पाऊण तासाने वाढवली, कारण फलकावरच्या वेळा शेजारीशेजारी वाचल्यावर तफावत झाकता येईना. प्रशासकाच्या काळातही त्या वेळा पाळल्या गेल्या. एका फलकावर कोणीतरी पेन्सिलीने 'आज २० मि. उशीर' अशा नोंदी करत असते, त्या मी जाता-येता वाचतो.

आता जमेची बाजू सोडून नावेची बाजू.

पुस्तिकेतली सर्वांत जास्त पाने बाकडी, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम आणि स्वागत कमानी यांनी भरली आहेत. प्रभागासाठी मिळणाऱ्या निधीतून ही कामे पटकन होतात, वर्षाअखेर निधी वाया जाऊ नये म्हणून मार्चमध्ये होतात, आणि त्यांवर नाव रंगवता येते. आमच्या चौकात एका पिंपळाखाली चार बाकडी आहेत आणि चारही बाकड्यांच्या पाठीवर चार वेगळी नावे आहेत. बसणाऱ्याने पक्ष पाहून बसावे अशी सोय आहे. चांगल्या अवस्थेतले पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवण्याचे काम माझ्या खिडकीतून मी दोनदा पाहिले. ओपन जिमच्या सहा यंत्रांपैकी आज दोन चालतात, कारण यंत्रे घेण्यासाठी तरतूद होती आणि तेल घालण्यासाठी नव्हती. या बाबतीत ताई इतरांहून वेगळ्या नव्हत्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या की गटार जमिनीखाली जाते, मते वर राहतात. उत्तर प्रामाणिक होते, म्हणून बाकडी माफ होत नाहीत.

पदपथ आणि पथारीवाले यांच्या प्रश्नात त्यांची कामगिरी सर्वांत कच्ची होती. बसथांब्याजवळचा पदपथ भाजी आणि कपड्यांच्या गाड्यांनी व्यापलेला असतो, ज्येष्ठ नागरिकांना रस्त्यावरून चालावे लागते, आणि त्याच गाड्यांवर संध्याकाळी आम्हीच खरेदी करतो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे : विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे घ्यायचे, विक्रीची आणि विक्रीस मनाईची क्षेत्रे ठरवायची, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवायचे नाही. ताईंनी यांतले काहीही पुढे नेले नाही. ज्येष्ठ नागरिकांचे शिष्टमंडळ आले की अतिक्रमण विभागाची गाडी येई, आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्यांचे शिष्टमंडळ आले की जप्त केलेल्या हातगाड्या सुटून येत. पाच वर्षांत पदपथ एक हातही मोकळा झाला नाही आणि विक्रेत्यांनाही हक्काची एक फूट जागा मिळाली नाही. दोन्ही बाजूंना ताई आपल्याच वाटत, ही त्यांची हातोटी मानावी तर मानावी. रस्त्यावरून चालताना तिचा उपयोग होत नाही.

क्षेत्रसभेबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. २००९ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून ग्रामसभेच्या धर्तीवर शहरांत क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार एकत्र येतील, नगरसेवक त्यांच्यासमोर बसेल आणि कामांचा प्राधान्यक्रम तिथे ठरेल. आमच्या प्रभागात पाच वर्षांत अशी एकही सभा झाली नाही. कारण विचारले तर उत्तर प्रभागरचनेकडे जाते. २०१७ ची निवडणूक मुंबईखेरीज इतर महापालिकांत चार सदस्यांच्या प्रभाग पद्धतीने झाली. एका मतदाराने चार मते द्यायची आणि एका प्रभागाला चार नगरसेवक मिळायचे. आमचे चौघे दोन पक्षांचे होते. सभा घ्यायची तर चौघांनी एका मंचावर यायचे आणि ज्याच्या त्याच्या कामाचा हिशेब इतर तिघांसमोर द्यायचा. ते कोणालाच नको होते. श्रेय मात्र चौघांना हवे असे. एका दिव्याच्या खांबाचे लोकार्पण झाल्याचे फ्लेक्स त्या वर्षी चार लागले होते, आणि तो खांब बंद पडला तेव्हा चारही कार्यालयांनी मला दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले. ताईंनी एकटीने सभा बोलावली असती तर कायदा आड आला नसता. वहीच्या आणि फोनच्या कारभारात त्या इतक्या निष्णात होत्या की समोर दोनशे माणसे बसवून, कोणाचे काम आधी आणि कोणाचे नंतर हे उघड ठरवण्याची त्यांना गरज वाटली नाही. मागच्या वस्तीतले लोक संध्याकाळच्या अशा सभेला नक्की आले असते.

मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था लोकप्रतिनिधींची प्रगतिपुस्तके प्रसिद्ध करते; सभागृहातली उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि त्यांचा दर्जा असे निकष त्यात असतात. आमच्या शहरात तशी सोय नाही, म्हणून हे घरगुती प्रगतिपुस्तक. तक्रारनिवारणात नऊ, तरतूद आणि पाठपुरावा यांत आठ, सार्वजनिक पैशाच्या विवेकात चार, पदपथात एक, आणि लोकांना विश्वासात घेऊन निर्णय करण्यात, क्षेत्रसभेचा मान राखून, शून्य. या गुणांची सरासरी मी काढणार नाही. गटाराचे आठ आणि क्षेत्रसभेचे शून्य एकत्र करून जो आकडा येईल त्याचा कोणत्याच गल्लीत काही अर्थ लागत नाही.

ताईंना पुन्हा मत दिले असते का, असे मला मुलीने विचारले. तो प्रश्न आलाच नाही, कारण नव्या रचनेत त्यांच्या जागेचे आरक्षण बदलले आणि त्या उभ्या राहिल्या नाहीत. जानेवारीत नवे चौघे निवडून आले. त्यांच्यापैकी एकाचे संपर्क कार्यालय ताईंच्या जुन्या खोलीपासून दोन दारे पलीकडे उघडले आहे, खुर्च्याही तशाच प्लास्टिकच्या आहेत आणि चेंबरसाठीचे फोन पुन्हा लागू लागले आहेत. गाडी परवा दुपारपर्यंत आली. ताईंनी आपल्याकडची पत्रव्यवहाराची पाकिटे, पावसाळी गटाराच्या नकाशाच्या प्रतीसह, विरोधी पक्षाच्या त्या नव्या नगरसेवकाला नेऊन दिली, असे त्याच्या कार्यकर्त्याकडून कळले. त्या पाकिटांत बसथांब्याजवळच्या पदपथाच्या कामाचे एक जुने अंदाजपत्रकही होते, २०२० चे, पुढे कधीच न सरकलेले. त्याची मूळ फाइल पथ विभागात अजून आहे का, हे पाहायला मी येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता जाणार आहे. ताईही येते म्हणाल्या आहेत. टेप मी आणायची आहे.